मुलाम्याच्या टाकीत मोजला गेलेला विजेचा कण

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतून वाहन उद्योगाला पुरवल्या जाणाऱ्या अनेक सुट्या भागांवर जस्त, निकेल किंवा क्रोमियम यांचा पातळ थर चढवलेला असतो. सराफ बाजारात ज्याला आपण ‘सोन्याचे पाणी दिलेला दागिना’ म्हणतो आणि भांडी बाजारात जी चांदीचा मुलामा दिलेली समई मिळते, त्यांच्यामागेही बहुतेक वेळा हीच प्रक्रिया असते. तिला विज्ञानाच्या परिभाषेत ‘विद्युत विलेपन’ म्हणतात. कल्हईसारखी ही उष्णतेने धातू चढवण्याची रीत नव्हे. येथे धातू चढतो तो विजेच्या साहाय्याने आणि अगदी मोजून मापून.

या मोजमापाला विज्ञानाच्या इतिहासात फार मोठे स्थान आहे. पदार्थ अणूंचे बनलेले असतात आणि वीजही अखंड द्रव नसून कणांची बनलेली आहे, या दोन गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत याचा पहिला भक्कम पुरावा अशाच टाकीतून मिळाला. नाशिककरांनी हे मोजमाप समजून घ्यावे याला आणखीही एक कारण आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी विषारी आहे की नाही, हे पुष्कळदा धातूच्या अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले आहेत यावरच ठरते.

विद्युत प्रभार म्हणजे काय?

कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, हा प्रयोग शाळेत प्रत्येकाने केलेला असतो. घर्षणाने कंगव्यावर जे साठते त्याला ‘विद्युत प्रभार’ म्हणतात. प्रभार दोन प्रकारचे असतात. सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात, तर विजातीय प्रभार एकमेकांना ओढून घेतात. त्यांना धन आणि ऋण ही नावे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४७ च्या सुमारास दिली. दोन प्रभारांमधील बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हे फ्रान्सच्या शार्ल कूलोम यांनी १७८५ मध्ये प्रयोगाने दाखवले. प्रभार मोजण्याच्या एककाला त्यांचेच नाव आहे. तारेतून एक अँपियर प्रवाह एक सेकंद वाहिला, तर एक कूलोम प्रभार पुढे सरकतो.

घर्षणाने प्रभार निर्माण होत नाही, तो केवळ एका वस्तूवरून दुसरीवर जातो. एकीकडे जितका ऋण प्रभार वाढतो, तितकाच दुसरीकडे कमी होतो. प्रत्येक पदार्थात दोन्ही प्रभार आधीपासूनच प्रचंड प्रमाणात असतात, परंतु ते समसमान असल्यामुळे आपल्याला जाणवत नाहीत. एक किलो वजनाची तांब्याची घागर घेतली, तर तिच्यातील सर्व इलेक्ट्रॉनांचा मिळून सुमारे ४.४ कोटी कूलोम ऋण प्रभार होतो आणि अणुकेंद्रांमध्ये नेमका तितकाच धन प्रभार असतो. पावसाळ्यात कोसळणाऱ्या विजेच्या एका लोळातून साधारणतः काही कूलोम ते काही दहा कूलोम प्रभार जमिनीकडे येतो. यावरून पदार्थात दडलेल्या प्रभाराची आणि त्याच्या समतोलाची कल्पना यावी.

‘अणू’ हा शब्द आपल्याकडे जुना आहे. वैशेषिक दर्शनात पदार्थाच्या अविभाज्य कणाची, परमाणूची कल्पना मांडलेली आहे. प्राचीन ग्रीसमध्येही तसा विचार झाला होता. मात्र हे तत्त्वचिंतन होते, त्यात मोजमाप नव्हते. मोजमापावर आधारलेला अणुसिद्धान्त इंग्लंडच्या जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे, अणू खरोखरच असतात की हिशेबाच्या सोयीसाठी मानलेली ती एक कल्पना आहे, यावर शास्त्रज्ञांत मतभेद होते.

टाकीत नेमके काय घडते?

चांदीच्या मुलाम्याची टाकी सोप्या रूपात समजून घेऊ. चांदीचे नायट्रेट पाण्यात विरघळवले की चांदीचे अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या अवस्थेत पाण्यात फिरू लागतात. अशा प्रभारित अणूला ‘आयन’ म्हणतात. मुलामा द्यायची वस्तू विजेच्या ऋण टोकाला जोडून टाकीत सोडतात, तिला ‘ऋणाग्र’ म्हणतात. धन टोकाला चांदीची पट्टी असते, तिला ‘धनाग्र’ म्हणतात. प्रवाह सुरू झाला की चांदीचे धन आयन ऋणाग्राकडे ओढले जातात. तेथे प्रत्येक आयनाला एक इलेक्ट्रॉन मिळतो, त्याचा प्रभार नाहीसा होतो आणि तो साधा चांदीचा अणू होऊन वस्तूवर बसतो. दुसऱ्या बाजूला पट्टीतील चांदीचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात.

प्रत्यक्ष कारखान्यात नायट्रेटऐवजी बहुधा सायनाइडयुक्त द्रावण वापरतात, कारण त्यातून गुळगुळीत आणि चिवट थर मिळतो. या पद्धतीचे एकस्व इंग्लंडमधील एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये घेतले. द्रावण बदलले तरी हिशेब तोच राहतो : चांदीचा एक अणू बसायला एक इलेक्ट्रॉन लागतो.

घरात येणारी वीज या कामाला तशीच्या तशी चालत नाही. एकलहरे येथील औष्णिक केंद्रासारख्या वीज केंद्रात निर्माण होणारा प्रवाह एका सेकंदात पन्नास आवर्तने करणारा, म्हणजे सतत दिशा बदलणारा असतो. तो टाकीत सोडला तर चढलेला धातू पुढच्याच क्षणी उतरू लागेल. म्हणून प्रत्येक विलेपन कारखान्यात टाकीशेजारी रेक्टिफायर असतो. तो प्रवाहाला एकच दिशा देतो.

फॅरेडे यांचा हिशेब

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी १८३३-३४ च्या सुमारास विद्युत अपघटनाचे पद्धतशीर प्रयोग केले. त्यांचा पहिला निष्कर्ष असा की, किती धातू चढला हे टाकीच्या आकारावर किंवा द्रावणाच्या तीव्रतेवर अवलंबून नसून केवळ किती प्रभार वाहिला यावर अवलंबून असते. प्रभार दुप्पट झाला की धातूही दुप्पट चढतो. दुसरा निष्कर्ष अधिक खोल होता. तोच प्रभार निरनिराळ्या द्रावणांतून सोडला, तर चढणाऱ्या धातूंची वजने त्यांच्या अणुवस्तुमानाशी आणि संयुजेशी ठरावीक नाते राखतात.

आजच्या आकड्यांत सांगायचे तर ९६,४८५ कूलोम प्रभाराने १०७.८७ ग्रॅम चांदी चढते. हा आकडा चांदीच्या अणुवस्तुमानाइतकाच आहे. तांब्याचे अणुवस्तुमान ६३.५५ आहे, पण मोरचुदाच्या द्रावणातून तेवढ्याच प्रभाराने त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ३१.८ ग्रॅम तांबे मिळते. वितळलेल्या क्षारातून ॲल्युमिनिअम मिळते ते त्याच्या अणुवस्तुमानाच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. एकपट, निम्मे, तिसरा हिस्सा असे पूर्णांकांचे हे गणित आहे. सव्वापट किंवा पावणेदोनपट असा आकडा कोठेच येत नाही.

याचा अर्थ काय? पदार्थ अणूंचे बनलेले आहेत असे मानले, तर चांदीच्या प्रत्येक अणूबरोबर प्रभाराचा एक ठरावीक वाटा जातो, तांब्याच्या अणूबरोबर दोन आणि ॲल्युमिनिअमच्या अणूबरोबर तीन. अर्धा वाटा कधीच जात नाही. बाजारात प्रत्येक रक्कम पूर्ण रुपयांतच येत असेल आणि पैशांत कधीच येत नसेल, तर तेथे रुपयाहून लहान नाणे नाही हे न पाहताही कळते. तसाच हा तर्क आहे. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८८१ मध्ये लंडन येथील व्याख्यानात तो स्पष्ट शब्दांत मांडला. मूलद्रव्ये अणूंची बनलेली असतील, तर वीजही ठरावीक मूळ वाट्यांत विभागलेली असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आयर्लंडचे जॉर्ज स्टोनी यांनी १८७४ मध्येच या वाट्याच्या आकाराचा अंदाज मांडला होता. १८९१ मध्ये त्यांनी त्याला ‘इलेक्ट्रॉन’ हे नाव दिले.

तर्कापासून मोजणीपर्यंत

हा वाटा म्हणजे प्रत्यक्ष कण आहे हे केंब्रिजचे जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये दाखवले. निर्वात नळीतील किरण चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रात कसे वळतात हे मोजून, ते ऋण प्रभाराच्या अतिशय हलक्या कणांचे बनलेले आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या मोजमापानुसार हायड्रोजनच्या अणूहून इलेक्ट्रॉन सुमारे १,८३७ पट हलका आहे.

एका इलेक्ट्रॉनावर किती प्रभार असतो याचे अचूक मोजमाप अमेरिकेत शिकागो येथे रॉबर्ट मिलिकन यांनी केले. १९०९ नंतर त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी हार्वे फ्लेचर यांनी तेलाचे सूक्ष्म थेंब दोन धातूच्या तबकड्यांमध्ये सोडले. थेंबावर प्रभार असल्यास विद्युत क्षेत्राच्या साहाय्याने त्याचे पडणे रोखता येते किंवा त्याला वर उचलता येते. त्याच्या वेगावरून प्रभार काढता येतो. थेंबागणिक प्रभार वेगळा निघाला, परंतु प्रत्येक वेळी तो एकाच लहान आकड्याच्या पटीत होता. हवेच्या चिकटपणाचा त्यांनी वापरलेला आकडा किंचित चुकीचा असल्याने त्यांचे उत्तर आजच्या मूल्याहून सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी आले. तत्त्वाला मात्र त्यामुळे बाधा आली नाही. मिलिकन यांना १९२३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

याच काळात फ्रान्सचे जाँ पेरँ यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या हालचालींवरून अणूंची संख्या काढली. अणूंच्या अस्तित्वावर दीर्घकाळ शंका घेणाऱ्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञानेही १९०९ च्या सुमारास आपले मत बदलले.

आपण स्वतः करता येईल असे गणित

इलेक्ट्रॉनाचा प्रभार कळला की मुलाम्याची टाकी अणूचा तराजू बनते. एक अँपियर म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६.२४ अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन, म्हणजे ६२४ वर १६ शून्ये. याच एका सेकंदात १.११८ मिलिग्रॅम चांदी चढते. प्रत्येक अणूला एक इलेक्ट्रॉन लागतो, तेव्हा अणूही तितकेच. चढलेल्या चांदीच्या वजनाला या संख्येने भागले की एका अणूचे वजन निघते. उलट बाजूने सांगायचे तर एक ग्रॅम चांदीत सुमारे ५,५८० अब्ज अब्ज अणू असतात.

व्यवसायातील हिशेबही याच सूत्राने होतो. १०० चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाच्या एखाद्या वस्तूवर १० मायक्रॉन जाडीचा चांदीचा थर द्यायचा असेल, तर सुमारे १.०५ ग्रॅम चांदी लागते. एक अँपियर प्रवाहाने हे काम साधारण १५ मिनिटे ४० सेकंदांत होते. केसाच्या जाडीच्याही अंशाइतका हा थर अणूंच्या सुमारे ३५ ते ४० हजार पापुद्र्यांचा असतो. ठरलेल्या जाडीचा थर खरोखरच दिला आहे की नाही, हे वस्तूचे आधीचे आणि नंतरचे वजन पाहून ग्राहकालाही तपासता येते.

चांदीचा हा हिशेब इतका विश्वसनीय मानला गेला की, १९०८ मध्ये लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने अँपियरची व्याख्याच त्यावर बेतली. चांदीच्या नायट्रेटच्या द्रावणातून दर सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी जमा करणारा स्थिर प्रवाह म्हणजे एक आंतरराष्ट्रीय अँपियर. ही व्याख्या १९४८ पर्यंत प्रचारात होती. २० मे २०१९ पासून हिशेबाची दिशा उलटली. आता इलेक्ट्रॉनावरील प्रभाराचे मूल्यच कायमचे ठरवून दिलेले आहे. ते १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात इतके कूलोम आहे आणि अँपियर त्यावरून ठरतो.

प्रभारावर ठरणारे विष

क्रोमियमच्या टाकीत हिशेब अवघड होतो. दुचाकीच्या चकचकीत भागांवर किंवा यंत्रांच्या दांड्यांवर दिसणारा हा धातू पारंपरिक पद्धतीत क्रोमिक आम्लाच्या द्रावणातून चढवतात. त्यात क्रोमियम षट्संयुजी अवस्थेत असते, म्हणजे एक अणू धातुरूपात यायला सहा इलेक्ट्रॉन लागतात. त्यामुळे एक अँपियर प्रवाह एक तास वाहिला, तर चांदी चार ग्रॅम चढते, पण क्रोमियम जास्तीत जास्त ०.३२ ग्रॅम. प्रत्यक्षात तेही मिळत नाही. प्रवाहाचा साधारण ८० ते ९० टक्के भाग पाण्याचे अपघटन करण्यातच खर्च होतो. त्यातून निघणारे हायड्रोजनचे बुडबुडे फुटताना क्रोमिक आम्लाचे तुषार हवेत उडवतात. टाकीजवळ काम करणाऱ्यांच्या नाकाला आणि फुप्फुसांना त्यापासून धोका असतो. म्हणूनच टाकीच्या काठावर हवा शोषून घेणारी यंत्रणा असणे आवश्यक ठरते.

वस्तू धुतलेल्या पाण्यातूनही षट्संयुजी क्रोमियम बाहेर पडते. पाण्यात ते क्रोमेट आयनाच्या रूपात राहते. या आयनावर दोन ऋण प्रभार असतात आणि त्याची घडण सल्फेट आयनासारखी असते. शरीरातील पेशींना सल्फेट लागते, त्यामुळे सल्फेटसाठी असलेल्या वाटेनेच क्रोमेट आत शिरते आणि आत गेल्यावर जनुकीय द्रव्याला इजा करते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने षट्संयुजी क्रोमियमच्या संयुगांचा समावेश मानवाला कर्करोग होण्यास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत केला आहे. तोच अणू तीन इलेक्ट्रॉन मिळून त्रिसंयुजी झाला, की सहजी पेशीत शिरू शकत नाही आणि त्याची विषारिता पुष्कळच कमी होते. मूलद्रव्य तेच राहते, केंद्रातील २४ प्रोटॉनही तेच राहतात. फरक असतो तो केवळ तीन इलेक्ट्रॉनांचा.

सांडपाणी शुद्ध करण्याची प्रचलित रीत म्हणजे हे तीन इलेक्ट्रॉन परत देणे. पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम बायसल्फाइट किंवा हिराकस घालतात. हिराकशीतील लोहाचा प्रत्येक अणू एक इलेक्ट्रॉन देतो. म्हणून क्रोमियमच्या एका अणूसाठी लोहाचे तीन अणू लागतात. वजनात सांगायचे तर एक ग्रॅम षट्संयुजी क्रोमियमसाठी किमान १६ ग्रॅम हिराकस लागते. त्यानंतर चुना घालून आम्लता घालवली की त्रिसंयुजी क्रोमियमचा साका तळाशी बसतो. हा साका घातक कचरा समजला जातो आणि त्याची विल्हेवाट स्वतंत्रपणे लावावी लागते. हिराकस मोजून न घालता अंदाजाने कमी घातली, तर उरलेले क्रोमियम विषारी रूपातच पुढे जाते. पाण्याचा पिवळा रंग पुसट झाला, म्हणजे काम झाले असे समजणे पुरेसे नाही.

विलेपन उद्योगाच्या सांडपाण्यासाठी भारतात षट्संयुजी क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. याचा अर्थ, प्रक्रिया न करता सोडलेले एक ग्रॅम क्रोमियम दहा हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत दूषित करण्यास पुरते. या दोन वसाहतींच्या परिसरातून येणारी नंदिनी, म्हणजेच जुनी नासर्डी, शहरातून वाहत जाऊन गोदावरीला मिळते. नदीत टाकलेले विष दिसेनासे झाले तरी त्याचे अणू नाहीसे होत नाहीत. ते गाळात बसतात किंवा पाण्याबरोबर खालच्या गावांकडे जातात.

त्रिसंयुजी क्रोमियमच्या द्रावणातूनच थेट विलेपन करण्याच्या पद्धती आता उपलब्ध आहेत आणि शोभेच्या थरांसाठी त्यांचा वापर होतो. जाड आणि कठीण थरांसाठी जुनी पद्धत अद्याप पूर्णपणे हटलेली नाही. तोपर्यंत टाकीतील प्रत्येक अणूला जेवढे इलेक्ट्रॉन लागतात, त्यांचा हिशेब सांडपाण्याच्या हौदातही तितक्याच काटेकोरपणे ठेवावा लागेल. चांदी चढवताना एका मिलिग्रॅमचीही चूक न खपवणाऱ्या उद्योगाला हे गणित नवे नाही.